कोरडं वजन

सियागंजात माझं दुकान आहे, काटे दुरुस्तीचं.
बत्तीस वर्षं लोकांचे तराजू खरे करत आलो.
मिरचीवाल्याचा पन्नास ग्रॅम खाणारा,
भंगारवाल्याचा दोन किलो गिळणारा,
सगळे या बोटांखालून गेले.
आता मंगळ, गुरू, शनी
मीच चढतो काट्यावर, चपला काढून.

आधी त्रेसष्ट सहाशे. नंतर एकसष्ट.
मधलं सगळं म्हणजे चहा, आमटी,
गोळ्यांबरोबरचे घोट
आणि कुमुदिनीची नजर चुकवून चोखलेला बर्फ.
एकसष्ट हे माझं कोरडं वजन.
तुम्ही एवढेच, सिस्टर म्हणते,
बाकी पाणी.

यादीत नाव घालून चार वर्षं झाली.
रक्तगट ओ.
ओ सगळ्यांना देऊ शकतो,
घेऊ शकतो फक्त ओकडून.
आपल्या घराण्याचा स्वभावच तो, धाकटा भाऊ म्हणाला,
हसला, आणि मग बाहेर जाऊन बराच वेळ आला नाही.
त्याचा गट बी.
कुमुदिनीची तपासणी केली तर तिचीच शुगर निघाली.
तन्मय तयार होता.
त्यानं फॉर्म परत घेईपर्यंत
मी त्याच्याशी सहा महिने बोललो नाही.

किती चान्स आहे, विचारलं
की डॉक्टर पेनाचं टोपण काढतात, पुन्हा लावतात.
मला वजन कळतं.
चान्सवर शिक्का कसा मारायचा, ते कुणी शिकवलं नाही.

देवाकडे काय मागायचं, तेही अडलंय.
मी मागायचं, म्हणजे बायपासवर
कुणाच्या तरी पोराची मोटरसायकल घसरायची.
म्हणून नुसते हात जोडतो
आणि पटकन खाली घेतो.

मार्चमध्ये रात्री पावणेदोनला फोन.
“अंकल, खाली पेट आना. आप दूसरे नंबर पे हो.”
बॅग चार वर्षं भरलेलीच होती.
कुमुदिनीनं ती उपसून पुन्हा भरली.
स्कूटर तिनं चालवली. मी मागे,
फिस्टुलाचा हात छातीशी धरून.
पलासियाला रस्ता झाडणारी बाई
झाडू उचलून बाजूला झाली, जणू तिला माहीत होतं.

पहिला नंबर एका मुलीचा. मोनिका मुजाल्दे,
बडवानीकडची, एकोणीस वर्षांची.
बाप भिंतीला टेकून उकिडवा.
“आप किसके साथ आए हो?” त्यानं विचारलं.
मी काही बोललो नाही. माझ्या मनगटावरची पट्टी पाहून
त्यानं गमछा तोंडावर ओढला.

तिचं जुळलं नाही, तर मी.
दोघांच्या रक्ताच्या नळ्या एकाच ट्रेमधून गेल्या.
साडेपाचपर्यंत, कुणाला सांगू नये पण सांगतो,
मी त्या पोरीला मनातल्या मनात तोललं.
एका पारड्यात एकोणीस, एकात छप्पन.
आणि माझं पारडं
बोटानं दाबलं.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

तिचं जुळलं.

दुसरी किडनी दुसऱ्या हॉस्पिटलात, दुसऱ्या कुणाला.
ती न्यायला पोलिसांनी रस्ता मोकळा केला,
त्यात आम्हीच अडकलो, गीताभवनच्या चौकात,
दूधवाल्यांच्या किटल्यांमध्ये.
गाडी गेली. डबा दिसला नाही.
“किसी का भला हो रिया है, भिया,” मागचा कुणी म्हणाला.
रस्ता सुटला तरी
कुमुदिनीनं ब्रेक सोडला नव्हता.

तो मंगळवारच होता.
दहाला चपला काढून चढलो.
चौसष्ट, सिस्टरनं लिहून घेतलं.
“तुमचा काटा दोनशेनं पुढे आहे,” मी म्हटलं.
“कधीपासून?”
“मी येतोय तेव्हापासून.”
“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

तेवढाच जास्त भरत होतो, असं काहीतरी
तोंडात आलं. ते गिळलं.

गुरुवारी पेचकस घेऊन येतो, म्हटलं.